श्रद्धा : हृदय कोठे ठेवावे?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी पार्थिव गणेशाची प्राणप्रतिष्ठा होते. मातीच्या मूर्तीत प्राणांचे आवाहन करावयाचे, दीड, पाच, सात वा दहा दिवस तिला घरातील वडीलधाऱ्या माणसासारखे मानावयाचे, आणि ठरल्या दिवशी अक्षता टाकून तीच मूर्ती पाण्यात सोडावयाची, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही नवल आहे असे आपणांस वाटतही नाही. परंतु घरातील आठ-दहा वर्षांचे मूल कधी तरी विचारतेच : काल बाजारात मांडलेली माती आज देव कशी झाली? आणि ती देव असेल, तर तिला बुडवावयाचे कसे? बहुतेक घरांत या प्रश्नास ‘असे विचारू नये’ एवढेच उत्तर मिळते. आमच्या मते हे उत्तर धर्मास धरून नाही. माणसे विश्वास का ठेवतात, आणि श्रद्धा श्रद्धा म्हणून आपण जिचा उठता-बसता उच्चार करतो ती नेमकी काय वस्तू आहे, याचा विचार करण्यास गणेशोत्सवाइतका योग्य काळ नाही. आणि आम्हां चिंतामणीच्या गावच्या हरिदासांस तो विचार टाळता येण्याजोगा तर मुळीच नाही.

यवतमाळहून नागपूरकडे जाताना वाटेत कळंब लागते. चक्रवती नदीच्या काठचे हे गाव म्हणजेच गणेशपुराणातील कदंबपूर, अशी परंपरा आहे. इतर क्षेत्रांत पायऱ्या चढून देवाकडे जावे लागते. आमच्या चिंतामणीकडे पायऱ्या उतरून जावे लागते. जमिनीच्या पातळीखाली कुंड आहे आणि तेथेच गाभाऱ्यात चिंतामणीची मूर्ती आहे. अहल्येच्या प्रकरणी गौतमांच्या शापाने ग्रासलेला इंद्र येथे उपासना करून मुक्त झाला व त्यानेच या मूर्तीची स्थापना केली, असे पुराण सांगते. त्याच पुराणात विदर्भातील कौंडिण्यपूरच्या रुक्मांगदाची कथा आहे. एका ऋषिपत्नीची अनुचित इच्छा त्याने नाकारली, तिने शाप दिला, त्याचे अंग कुष्ठाने भरले, आणि कदंबपूरच्या तीर्थात स्नान केल्यावर तो बरा झाला. या दोन कथा एकाच तीर्थाशी जोडलेल्या आहेत, याकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष नेहमी वेधतो. ज्याच्या हातून पाप घडले तो इंद्र, आणि ज्याने पाप नाकारले म्हणूनच ज्याच्यावर संकट कोसळले तो रुक्मांगद, दोघेही याच पाण्यापाशी आले. दुःख आले म्हणजे पाप असलेच पाहिजे, असा हिशेब निदान या क्षेत्राच्या पुराणकाराने मांडलेला नाही.

कळंबच्या कुंडाचे एक वैशिष्ट्य पंचक्रोशीत सर्वश्रुत आहे. सुमारे बारा वर्षांनी कुंडातील पाणी आपोआप वाढते, चिंतामणीच्या चरणांस स्पर्श करते आणि मग ओसरते. यास ‘गंगा आली’ असे म्हणतात. गंगा आली की वार्ता गावोगाव पसरते, बैलगाड्यांच्या काळी गाड्या जुंपून लोक येत, आता मोटारींनी येतात. बारा वर्षांचा हा काळ थोडाफार मागे-पुढे होतो, असे जुनी माणसे सांगतात. मंदिर जमिनीच्या खाली, नदी जवळ, पावसाचे मान वर्षावर्षाला निराळे; तेव्हा भूगर्भातील पाण्याची पातळी केव्हा चढावी व केव्हा उतरावी, याचे काही शास्त्र असणारच. उद्या एखाद्या भूजलतज्ज्ञाने झऱ्याची वाट कागदावर काढून दाखविली, तर कळंबची श्रद्धा जाईल काय? हा प्रश्न आम्हांस पुष्कळांनी विचारला आहे. ज्याची श्रद्धा पाण्यावर आहे त्याची कदाचित जाईल. चिंतामणीवर आहे त्याची का जावी? पाऊस कसा पडतो हे शाळेतल्या मुलासही ठाऊक आहे, म्हणून मृगाचा पहिला शिडकावा अंगावर घेताना शेतकऱ्याचे हात जोडले जावयाचे थांबलेले नाहीत.

चमत्कारावर बसलेली श्रद्धा किती काळ टिकते, याचा अनुभव आपल्या सर्वांस एकदा आलेला आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी वार्ता दिल्लीकडून उठली आणि दुपार व्हावयाच्या आत ती देशभर, किंबहुना परदेशांतील हिंदूंच्या देवळांपर्यंतही पोहोचली. चमचे आणि तांबे घेऊन माणसे रांगा लावून उभी होती. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखविले की सोंडेशी टेकवलेल्या चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ धारेने खाली उतरते. दुसऱ्या दिवशी रांगा ओसरल्या, आणि त्या ओसरल्याबद्दल कोणास फारसे दुःख झाल्याचेही आमच्या पाहण्यात नाही. एका दिवसात आली ती एका दिवसात गेली. जिच्या जाण्याने घरात काहीच रिकामे होत नाही तिला श्रद्धा म्हणावे कसे? ते कुतूहल होते. कुतूहलास आमचा विरोध नाही. मात्र त्याच्या नावे दुधाचे तांबे रिते करण्यापूर्वी शेजारच्या घरातले मूल दूध पिते की नाही, एवढे पाहिले असते तर बरे झाले असते.

आता शब्दाकडे वळू. ‘श्रद्धा’ हा शब्द ‘श्रत्’ आणि ‘धा’ या दोन घटकांनी बनला आहे. ‘धा’ म्हणजे ठेवणे. ‘श्रत्’ हे निघंटूत सत्याच्या नामांमध्ये दिलेले आहे. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते हृदयवाचक शब्दांशी जोडतात, आणि ‘मी विश्वास ठेवतो’ या अर्थाचा लॅटिन भाषेतील ‘क्रेदो’ हा शब्द त्याचाच दूरचा भाऊ असल्याचे सांगतात. म्हणजे जुन्यांच्या मते सत्यावर ठेवणे आणि नव्यांच्या मते हृदय ठेवणे. आम्हांस या दोहोंत विरोध दिसत नाही. मराठीत आपण ‘ठेव’ म्हणतो ती दोन प्रकारची असते. एक पेढीत ठेवलेली ठेव; तिच्यावर व्याज मिळते, आणि न मिळाल्यास आपण ती काढून दुसरीकडे नेतो. दुसरी, बाळंतपणास माहेरी जाणाऱ्या सुनेने शेजारणीच्या ओटीत ठेवलेले पहिले मूल. त्यावर व्याज नसते, जीव असतो. नवस बोलणारा बहुधा पहिल्या प्रकारची ठेव ठेवतो आणि तिलाच श्रद्धा असे नाव देतो.

आश्चर्य असे की ‘श्रत्’ व ‘धा’ हे दोन घटक जोडले न जाता सुटे-सुटे जेथे आढळतात, अशा ऋग्वेदातील स्थळांपैकी एक स्थळ गृत्समद ऋषींच्या सूक्तात आहे. आणि गृत्समद म्हणजे आम्हां कळंबकरांचे घरचे माणूस. ऋग्वेदाचे दुसरे मंडल त्यांच्या कुळाचे. गणपतीच्या पूजेत प्रथम म्हटला जाणारा ‘गणानां त्वा’ हा मंत्रही त्याच मंडलातला. त्यांच्या प्रसिद्ध इंद्रसूक्तामागे बृहद्देवतेत एक आख्यायिका आहे : धुनि आणि चुमुरि या दोन असुरांनी गृत्समदांनाच इंद्र समजून घेरले, तेव्हा ‘इंद्र तो, मी नव्हे’ हे सांगण्यासाठी ऋषींनी हे सूक्त गाइले. कीर्तनात ही कथा फार रंगते. परंतु त्या सूक्तातील पाचवी ऋचा आम्हांस अधिक मोलाची वाटते. देवाविषयी लोक ‘तो आहे तरी कोठे’ असे विचारतात, काही जण तर तो नाहीच म्हणून सांगतात, याची ऋषी आधी स्पष्ट नोंद घेतात. आणि त्याच ऋचेच्या अखेरीस जनांस आवाहन करतात की त्याच्या ठायी श्रत् ठेवा. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. शंका घेणाऱ्यास ऋषींनी घराबाहेर काढलेले नाही. नास्तिकाचा शब्द आणि श्रद्धेचा शब्द एकाच ऋचेत, दोन-तीन चरणांच्या अंतराने बसले आहेत. आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथात श्रद्धा शंकेच्या शेजारीच राहते.

कठोपनिषदातही हेच आहे. म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गायी पिता दान देत आहे हे पाहून नचिकेत नावाच्या कुमारात श्रद्धेने प्रवेश केला, असे उपनिषद म्हणते. श्रद्धा शिरल्यावर त्या मुलाने काय केले? डोळे मिटले नाहीत, आरती म्हटली नाही. त्याने बापाला प्रश्न विचारला. एकदा नव्हे, तीनदा. म्हणून म्हणतो, आपल्या घरातील नातवाने मातीच्या गणपतीविषयी विचारले तर त्याला गप्प बसवू नये. त्याच्यात श्रद्धाच शिरली असण्याचा संभव आहे.

गृत्समदांस कळंबचे म्हणणारे आम्ही काही पहिले नव्हे. गणेशपुराणात त्यांची जन्मकथा याच विदर्भाच्या परिसराशी निगडित आहे. रुक्मांगदाचे रूप घेतलेला इंद्र हाच त्यांचा पिता. ऋषींच्या सभेत जन्मावरून त्यांचा पाणउतारा झाला आणि तो सहन न होऊन ते तपास बसले, असे ती कथा सांगते. विनोबांनीही ‘मधुकर’ या आपल्या लेखसंग्रहात गृत्समदांवर लिहिताना त्यांना यवतमाळ जिल्ह्यातील कळंबचे रहिवासी म्हटले असून, कापसाची लागवड व सुताची विद्या यांचे श्रेय त्यांना दिले आहे. इतिहासाचा अभ्यासक येथे मान हलवील, आणि संस्कृतचे अध्येते म्हणून ती मान हलविण्यात आम्हीही सामील आहोत. ऋग्वेदातील नद्या बहुतांशी सप्तसिंधूच्या, कापसाचे नाव त्यात नाही, ‘कार्पास’ हा शब्द पुढे सूत्रग्रंथांत भेटतो. एवढे सर्व ठाऊक असूनही आमच्या गावाने हा ऋषी सोडलेला नाही, आणि सोडू नये असेच आम्हांस वाटते. काळ्या मातीत पऱ्हाटी लावून पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या लोकांना आपल्या मंत्राचा द्रष्टा आपल्याच पिकाचा जाणकार असावा असे वाटले. देव आणि ऋषी आपल्या बांधावर उभे असावेत, ही इच्छा माणसाच्या विश्वासाचे एक मोठे मूळ आहे. पंढरीचा राणा कमरेवर हात ठेवून वाट पाहतो ती काय दुसऱ्या कोणाची?

आणि गंमत अशी की, ऋग्वेदात कापूस नसला तरी दुसऱ्या मंडलात धागा आहे. त्या मंडलातील अठ्ठाविसावे सूक्त वरुणाचे आहे. त्याचे द्रष्टे गृत्समद किंवा त्यांचा पुत्र कूर्म, असे अनुक्रमणी सांगते. या सूक्तात ऋषी वरुणाजवळ जे मागतात ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. आपण स्तुती विणीत असता मध्येच धागा तुटू नये, असे ते मागतात. वासराच्या गळ्यातले दावे सोडावे तसे आपले संकट सोडवावे, असे मागतात. आपल्यावर झालेले ऋण दूर व्हावे आणि दुसऱ्याच्या केल्याचा भोग आपल्या वाट्यास येऊ नये, असे मागतात. आणि लगेच, त्याच ऋचेत, पुष्कळ पहाटा अजून उगवावयाच्या आहेत, त्या पाहण्यास आपणांस जिवंत ठेवावे, असे मागतात.

धागा, दावे, ऋण आणि उद्याची पहाट. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाच्या पारावर बसून हे चार शब्द उच्चारावे; त्यांचा अर्थ सांगावा लागणार नाही. याच जिल्ह्यातील महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धेजवळ पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. नापिकी आणि देणी यांनी ते वेढले होते. महाराष्ट्रातील पहिली नोंदली गेलेली शेतकरी-आत्महत्या म्हणून ती घटना सांगितली जाते, आणि २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला पुष्कळ लोक त्या स्मरणार्थ एक दिवस अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या वर्षांत काय झाले हे येथील वाचकांस आम्ही सांगावयास नको. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्या सहांत आमचा जिल्हा होता. पुढे कर्जमाफ्याही झाल्या. २०१७ साली याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. गावागावांतील चित्र पाहिले तर धागा तुटणे अजून थांबलेले नाही.

हे सणाच्या पानावर कशास, असे काही वाचकांच्या मनात येईल. कारण असे की, अशा प्रत्येक मरणानंतर ओट्यावर, चावडीवर आणि देवळाच्या सभामंडपातही एक वाक्य हमखास ऐकू येते : त्याची देवावर श्रद्धा असती तर त्याने असे केले नसते. बोलणारा दुष्ट नसतो. त्याला आपल्या घराचे भय वाटत असते, आणि आपण नेमाने पूजा करतो म्हणून आपले घर वाचेल असे त्यास मनाशी म्हणावयाचे असते. तरीही हे वाक्य आम्हांस निंद्य वाटते. साहेबराव करपे हे भजनात रमणारे गृहस्थ होते. चतुर्थी न चुकविणारी, एकादशी न मोडणारी किती तरी माणसे या मार्गाने गेली. धागा तुटला की आपण धाग्याची परीक्षा करतो, त्याला बांधलेले ओझे तोलून पाहत नाही. श्रद्धा म्हणजे संकट न येण्याचा विमा असता, तर रुक्मांगदाचे अंग झडले नसते आणि १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबारायांची पत्नी अन्नावाचून गेली नसती. तो आघात सोसल्यावर तुकोबांनी कोणते काम हाती घेतले ते पाहावे. देहूचे मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी नीट केले. ज्या देवाने घर वाचविले नाही त्याचेच घर त्यांनी उभे केले. याला देवघेवीचा हिशेब म्हणता येत नाही.

चार-पाच वर्षांमागे राळेगावकडील एका खेड्यात उत्सवात आमचे कीर्तन होते. आरती झाल्यावर माणसे पांगली. एक बाई मात्र खांबाशी उभी राहिली. वय चाळिशीच्या आतले. पायांवर डोके ठेवून म्हणाली, “बुवा, माह्या मालकानं चिंतामणीची चतुर्थी कधी सोडली नाही. मंग आमच्यावरच ही पाळी काऊन आली?” आम्ही काही बोलण्याआधीच तिने पुढचे विचारले, आणि खरे ती त्यासाठीच थांबली होती : “त्याहीले गती भेटली नाही म्हणतात. मोठा विधी करा लागते. तीन एकर हाये. त्यातलं एक एकर इकू का, येवढंच सांगा.”

कोणी तरी तिला सांगितले होते. कोणी, ते आम्ही विचारले नाही आणि येथे लिहिण्याचे कारणही नाही. अशी सांगणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. तिच्या पहिल्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते व आजही नाही. चिंतामणीने तिच्या पतीचे गाऱ्हाणे ऐकले की नाही, हे जाणण्याचा अधिकार हरिदासास नसतो. दुसऱ्या प्रश्नास मात्र उत्तर होते. आम्ही म्हणालो, “माय, एक गुंठाही विकू नकोस. कर्जापायी गेलेल्याच्या नावाने पुन्हा कर्ज काढायला शास्त्राने सांगितलेले नाही.”

हे केवळ सांत्वन म्हणून बोललो नाही. अशा मरणाविषयी स्मृतींचे नियम कठोर आहेत, हे खरे. आणि निबंधकारांनी त्यावर नारायणबली सांगितला आहे, हेही खरे. परंतु विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशाच्या चौदाव्या अध्यायात और्व ऋषी सगर राजाला पितरांचेच म्हणणे ऐकवितात, ते फार थोडे लोक यजमानास वाचून दाखवितात. पितर तेथे वंशजाकडून क्रमाक्रमाने मागणी खाली आणतात. वैभव असेल तर रत्ने, वस्त्रे, भूमी द्यावी. नसेल तर यथाशक्ती अन्न घालावे. तेही नसेल तर शिधा द्यावा. तेही नसेल तर चिमूटभर तीळ पाण्याबरोबर सोडावेत. तेही नसेल तर कोठून तरी आणून गाईला एक दिवसाचा चारा घालावा. आणि यांतले काहीच नसेल, तर रानात जाऊन दोन्ही हात वर करावे, सूर्यास आणि लोकपालांस साक्षी ठेवावे, आणि आपल्याजवळ द्रव्य नाही, धान्य नाही, केवळ भक्ती आहे, तीवरच पितरांनी तृप्त व्हावे, असे मोठ्याने सांगावे. एवढ्याने श्राद्ध होते. ‘श्राद्ध’ हा शब्दच श्रद्धेपासून झालेला आहे. द्रव्यापासून झालेला नाही. कोणी पंडित म्हणतील की हा अध्याय सामान्य श्राद्धाचा आहे, दुर्मरणाचा नव्हे. नारायणबली हेही नारायणाचे नाव घेऊन केलेले श्राद्धच असल्याने द्रव्याभावी जो मार्ग तेथे तोच येथे, असे आमचे मत आहे. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी विधवेची जमीन विकावी असे सांगणारे वचन दाखवावे.

बाईंनी हे सर्व ऐकून घेतले. हात वर करून आपण उभे राहायचे, की मुलाने, एवढेच विचारले. मुलगा सातवीत होता. आम्ही म्हणालो, दोघांनी मिळून उभे राहा.

माणसे विश्वास का ठेवतात, याची विद्वानांनी पुष्कळ कारणे दिली आहेत : भय, अज्ञान, संस्कार, समाजाची रीत. यांत तथ्य नाही असे नाही. आम्हीही गादीवरून खाली पाहताना भयाने जोडलेले हात ओळखतो. पण त्या खांबाशी उभ्या असलेल्या बाईजवळ भयाने विकत घेण्यासारखे काही उरले नव्हते. जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. तरीही गेलेल्या माणसाचे काही तरी आपल्या हाती आहे, त्याच्यासाठी आपण अजून काही करू शकतो, हे तिला धरून ठेवावयाचे होते. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात श्रद्धेला आईची उपमा दिली आहे, आणि ती साधकाचे रक्षण करते असे म्हटले आहे. आई मुलाचे रक्षण करते म्हणजे त्याला ठेच लागू देत नाही असे नव्हे. ठेच लागल्यावर ते कोणाकडे धावते, एवढेच.

या धावण्याचा बाजार मांडणारे पूर्वीही होते, आजही आहेत. आमच्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आणि तोंडाने प्रश्न विचारून तो बाजार उठविण्याचा यत्न केला. नवस, अंगारे, कोंबडी-बकरी यांवर कोरडे ओढणारे त्यांचे कीर्तन ज्यांनी ऐकले ते सांगत की बाबा उत्तर देत नसत, श्रोत्यांकडून वदवून घेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्धचा कायदा झाला. हरिकीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा, प्रदक्षिणा यांस हा कायदा लागू नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सवलत मिळाली हे ठीक. पण गाडगेबाबांच्या मुलखात कीर्तनास अशा खुलाशाची गरज पडावी, याची आम्हां हरिदासांस थोडी लाज वाटली पाहिजे.

दहा दिवसांच्या या उत्सवात मंडपात माणसे जमतात, रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यांत एखादा मुका होऊन बसलेला असतो. आरतीच्या ताटाकडे पाहत असतो, पण टाळी वाजवीत नाही. पीक हातचे गेलेले, दारात तगादेवाला, मुलीचे लग्न ठरलेले, असे काही असते. अशा माणसास ‘देवावर सोड’ म्हणून उठून जाऊ नये. त्याच्याजवळ बसावे, बोलते करावे, घरापर्यंत सोबत जावे. देण्याचा आकडा ऐकून घ्यावा, बँकेत वा सावकाराकडे बरोबर जावे. मनाचा तोल जात आहे असे दिसल्यास डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस असते. गृत्समदांनी ज्या पहाटा मागितल्या त्या एकट्यासाठी मागितल्या नाहीत. तेथे ‘आम्हांस’ असे अनेकवचन आहे.

अनंतचतुर्दशीस मूर्ती पाण्यात जाईल आणि लगोलग पितृपक्ष लागेल. ज्या घरांत अशा प्रकारचे मरण झाले असेल आणि कोणी खर्चाचा मोठा विधी सांगितला असेल, त्यांनी शेत, दागिना वा जनावर विकण्यापूर्वी एकदा कळंबास यावे. विष्णुपुराणातील तो अध्याय आम्ही मराठी अर्थासह वाचून दाखवू. दक्षिणा घेणार नाही. मुलांना बरोबर आणावे. त्यांना काही विचारावयाचे असेल तर त्यांनी ते विचारावे.